संकेतस्थळ : भाड्याचा गाळा की स्वतःची पेढी?

व्यापारी कुटुंबात नवा गाळा घ्यायचा विषय निघाला की घरातील चार जाणती माणसे एकत्र बसतात. जागेचा मालक कोण, भाडेकरार किती वर्षांचा, अनामत किती, उद्या जागा सोडावी लागली तर फर्निचर कोणाचे, हे सारे बारकाईने विचारले जाते. त्याच दुकानाचे संकेतस्थळ उभारायचे असते, तेव्हा मात्र ‘ओळखीचा एक मुलगा करून देतो म्हणाला’ एवढ्यावर निर्णय होतो. वास्तविक संकेतस्थळ हेही दुकानच आहे. तेथेही पाटी असते, माल मांडलेला असतो आणि गिऱ्हाइकांची नोंद असते. म्हणून गाळ्याच्या वेळी विचारले जाणारे प्रश्न येथेही विचारले पाहिजेत.

संकेतस्थळ ज्या पायावर उभे राहते, त्याला ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम’, थोडक्यात ‘सीएमएस’ म्हणतात. पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान हाताने संगणकीय भाषेत लिहावे लागे. भाव बदलला तरी जाणकाराला फोन करण्यावाचून गत्यंतर नसे. सीएमएसने माल आणि मांडणी यांची फारकत केली. मालाचे वर्णन, छायाचित्रे व दर एका कोठारात साठवले जातात आणि ते पानावर कसे दिसावे, हे ‘थीम’ ठरवते. त्यामुळे घरातील कोणीही, संगणकाचे शिक्षण नसताना, सकाळी दर बदलू शकतो. आपण संकेतस्थळाचे चित्र पाहून भाळतो. पण चित्र बदलता येते, पाया बदलणे मात्र कष्टाचे असते.

हा पाया ढोबळमानाने तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार भाड्याच्या सज्ज गाळ्याचा. शॉपिफाय, विक्स यांसारख्या कंपन्या दरमहा शुल्क घेऊन जागा, सुरक्षा, मांडणी असे सारे काही देतात. शॉपिफायची जन्मकथा व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. कॅनडात टोबियास ल्युट्के यांना बर्फावरून घसरण्याच्या फळ्या इंटरनेटवर विकायच्या होत्या. उपलब्ध सॉफ्टवेअर पसंत न पडल्याने त्यांनी स्वतःच ते लिहिले आणि २००६ मध्ये फळ्यांऐवजी ती दुकानमांडणीच इतरांना भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू झाला. येथे सोय मोठी आहे. परंतु विक्री होवो वा न होवो, भाडे थांबत नाही. जागा सोडताना शॉपिफायवरून मालाची व गिऱ्हाइकांची यादी फाइलच्या रूपाने नेता येते, मांडणी मात्र तेथेच राहते. विक्सवर उभारलेले संकेतस्थळ तर जसेच्या तसे उचलून दुसऱ्या ठिकाणी नेताच येत नाही.

दुसरा प्रकार स्वतःच्या वास्तूचा. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल ही त्यातील ठळक नावे. ही सॉफ्टवेअरे मुक्त आहेत. ती वापरण्यासाठी कोणालाही परवाना शुल्क द्यावे लागत नाही. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये आरंभलेल्या वर्डप्रेसवर आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात. विक्रीसाठी त्याला ‘वूकॉमर्स’ची जोड देता येते आणि त्याचा कारभार मराठीतूनही करता येतो. एवढा प्रसार असल्याने एक कारागीर सोडून गेला तर दुसरा सहज मिळतो, हा त्याचा व्यावहारिक लाभ. मात्र मुक्त म्हणजे बिनखर्ची नव्हे. ज्या संगणकावर संकेतस्थळ राहते त्या जागेचे, म्हणजे ‘होस्टिंग’चे भाडे आणि देखभाल आपल्यालाच पाहावी लागते. वर्डप्रेसमधील सुरक्षेच्या बहुतेक त्रुटी मूळ सॉफ्टवेअरपेक्षा त्याला जोडलेल्या ‘प्लगइन’मध्ये आढळतात. म्हणून प्लगइन मोजकीच घ्यावीत आणि ती वेळच्या वेळी अद्ययावत करावीत.

तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या कारागिराने स्वतः रचलेली खास प्रणाली. ती सुबक असू शकते. पण तिच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असतात. तो गाव सोडून गेला किंवा त्याने व्यवसाय बदलला, तर तिची दुरुस्ती करणारा मिळणे कठीण. मोठ्या उद्योगाला स्वतःचा संगणक विभाग ठेवता येतो. कौटुंबिक पेढीने या वाटेला शक्यतो जाऊ नये.

जागा आपली नसली की काय होते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. गूगलने छोट्या दुकानांना त्यांच्या नोंदीवरून विनामूल्य संकेतस्थळ बनवून देण्याची सोय ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती संकेतस्थळे बंद करण्यात आली. ज्यांनी कार्डावर, पिशवीवर, बिलावर तोच पत्ता छापला होता, त्यांचा छापील पत्ता निकामी झाला. तथापि स्वतःची वास्तू असली की सारे निर्धोक, असेही नाही. ड्रुपलची सातवी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. आठव्या आवृत्तीची रचना इतकी वेगळी होती की स्थलांतर म्हणजे जवळजवळ नवी बांधणीच करावी लागे. म्हणून खर्चाचा अंदाज बांधताना केवळ उभारणीचा नव्हे, पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा मांडावा.

मग निवड कशी करावी? समजा, सांगलीतील एखादी पेढी हळदीचा व्यापार करते. घाऊक व्यवहारात दर रोज हलतो आणि सौदा बोलण्यातून ठरतो. तेथे पैसे भरण्याची सोय अनावश्यक. मालाची माहिती, प्रतवारी आणि चौकशीचा अर्ज पुरेसा. वर्डप्रेसवर अशी दहा पाने थोडक्या खर्चात उभी राहतात. हीच पेढी पाव किलोची पाकिटे घरोघरी पाठवू लागली, तर साठा, करआकारणी, पाठवणी आणि परतावा यांचा हिशेब जुळावा लागतो. घरात तांत्रिक बाजू पाहणारे कोणी नसेल, तर आरंभी भाड्याचा गाळा घेणेच शहाणपणाचे. विक्री स्थिरावली की वूकॉमर्सचा विचार करावा. किरकोळ विक्री सुरू झाली की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांचीही दखल घ्यावी लागते. पेढीचे कायदेशीर नाव व पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. निवडलेल्या प्रणालीत ही पाने आपल्याला स्वतः बदलता येतात का, हे पाहून घ्यावे.

मराठी मजकुराविषयी एक सूचना. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संकेतस्थळावर थेट चिकटवला तर निरर्थक अक्षरे उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच असावा. तरच तो कोणत्याही मोबाइलवर वाचता येतो आणि शोधणाऱ्याला सापडतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सीएमएसच्याही आधीची आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, ही आपल्या दुकानाची पाटी. ते पेढीच्या नावाने आणि पेढीच्याच ई-मेलवर नोंदलेले असावे. अनेक ठिकाणी ते करून देणाऱ्याच्या नावावर असते. संबंध दुरावले, अथवा वार्षिक नूतनीकरण राहून गेले, की पिढ्यान्‌पिढ्या मिळवलेले नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. डोमेनची नोंदणी एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते, तिचा लाभ घ्यावा.

ज्यांचे संकेतस्थळ आधीच उभे आहे, त्यांनी येत्या रविवारी घरच्यांसह बसून चार गोष्टी पाहाव्यात. डोमेन कोणाच्या नावावर आहे? होस्टिंगचा आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड घरात आहे का? बॅकअपची प्रत आपल्या स्वतःच्या संगणकावर आहे का, आणि ती उघडते का? गिऱ्हाइकांची व मालाची यादी फाइलमध्ये उतरवून घेता येते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘त्या मुलाला विचारावे लागेल’ असे आले, तर त्याला सोमवारीच फोन करावा. संबंध चांगले असताना किल्ल्या मागून घेणे कोणालाच जड जात नाही.