रेतीवरची चाके

ब्रह्मपुरीला समुद्र नाही. येथील वैनगंगेचे पाणीसुद्धा प्राणहिता आणि गोदावरी यांच्या वाटेने पूर्वेच्या सागराला मिळते. अरबी समुद्राशी या भागाचा संबंध येतो तो बहुधा हिवाळी सहलींपुरता. पण त्या सहलींतून परतलेली मुले हल्ली शिंपल्यांपेक्षा अधिक कौतुकाने सांगतात ते किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या ‘एटीव्ही’चे. चार फुगीर चाकांचे, हँडलने वळणारे हे वाहन रेतीत रुतत नाही, म्हणून वाटेल तेथे नेता येते. त्याचे आकर्षण यातच आहे, आणि उपद्रवही यातच.

हे वाहन रस्त्यावर चालत नाही, सबब त्याला नोंदणी नको, विमा नको, चालकाला परवाना नको, असा एक सोयीस्कर समज रूढ झाला आहे. 1988 चा मोटार वाहन कायदा मात्र असे म्हणत नाही. त्या कायद्यातील ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे केवळ डांबरी सडक नव्हे. जनतेला जेथे जाण्याचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा तीत मोडते. सवलत आहे ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरावयाच्या खास बनावटीच्या वाहनांना. समुद्रकिनारा हे कोणाचे बंदिस्त आवार? शिवाय 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक आणि वाहनमालक दोषी मानले जातात. सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांनी ही तरतूद एकदा वाचून ठेवलेली बरी.

परंतु माणसाच्या हातापायांची काळजी हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. हिवाळ्याच्या सुमारास ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासवे कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री वर येतात, भरतीच्या रेषेपलीकडील कोरड्या रेतीत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, रेती सारखी करतात आणि समुद्रात परत जातात. पुढे सुमारे पन्नास दिवस त्या जागेवर कोणतीही खूण नसते. वरून चाक गेले, तर ज्याने नेले त्यालाही ते कळत नाही. पिले बाहेर आली तरी चाकोरीचा खोलगट चर ओलांडणे त्या बोटभर जिवांना जड जाते, आणि दिव्यांच्या झोतामुळे ती समुद्राऐवजी उलट्या दिशेने चालू लागतात. रेतीच्या टेकड्यांवर पसरणारी जांभळ्या फुलांची वेलही याच चाकांखाली येते. तिच्या मुळांनी रेती जागच्या जागी राहते. कोकणात तिला मर्यादवेल म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला समुद्र चांगला ठाऊक असला पाहिजे.

वाहनातून निसर्ग पाहण्याचा अतिरेक कोठवर जातो, हे या भागाला परके नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी जवळच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट अडविली. चित्रफीत पसरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. हे घडू शकले, कारण जंगलाला प्रवेशद्वार आहे, प्रत्येक जिप्सीची नोंद आहे आणि वाघीण दिसते. किनाऱ्याला दार नाही, आणि रेतीखालचे अंडे दिसत नाही. सागरी मंडळाचा परवाना पाण्यावरील खेळांना लागतो. रेतीवरच्या चाकांची जबाबदारी मात्र ग्रामपंचायत, पोलीस, परिवहन आणि वन या खात्यांत वाटली जाते, म्हणजे व्यवहारात कोणाकडेच राहत नाही.

सरसकट बंदी हा सोपा उपाय. पण ही वाहने चालवून गावातील काही तरुणांची मिळकत होते, हेही खरे. अमेरिकेत फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे मोटारींना किनाऱ्यावर परवानगी आहे, परंतु वेग ताशी 10 मैल, प्रवेश दिवसाच, आणि टेकड्यांलगतचा पट्टा खुंट रोवून कासवांसाठी राखलेला. आपल्याकडे एवढे करायला कोणती अडचण आहे? ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट रेती एवढाच मार्ग आखावा, सूर्यास्तानंतर चाक फिरू नये, रापण ओढणाऱ्या आणि मासळी वाळविणाऱ्या कोळ्यांच्या जागेपासून वाहने दूर राहावीत. कासवांच्या विणीच्या जागा आणि रेतीच्या टेकड्या 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने सर्वाधिक संरक्षित वर्गात घातल्याच आहेत. तेथे वाहनाचा प्रश्नच उद्भवू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला 2002 पासून कासवांची घरटी राखली जातात, आणि पिले पाहायला येणाऱ्यांना घरी उतरवून गावकरी चार पैसे मिळवितात. ती मिळकतही रेतीचीच.

वैनगंगेच्या पात्रातही उन्हाळ्यात टिटवी आणि नदी सुरय उघड्या रेतीवर अंडी घालतात, आणि त्याच दिवसांत ट्रॅक्टर पात्रात उतरतात. येत्या हिवाळ्यात शाळांच्या सहली निघतील, तेव्हा बसच्या परवान्याबरोबर आणि पालकांच्या संमतिपत्राबरोबर किनाऱ्यावर कोणते वाहन चालवू नये, हेही मुख्याध्यापकांना एका ओळीत लिहून देता येईल.