यंत्राचा चेहरा किती दिवस टिकतो?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील कित्येक आईवडिलांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. घरातल्या लहानग्याशी रोज गप्पा मारणारा, त्याच्याकडे डोळे लावून ऐकणारा ‘मॉक्सी’ हा यंत्रमित्र लवकरच कायमचा गप्प होणार, हे त्यांना मुलाला समजावून सांगावयाचे होते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी घडविलेल्या या यंत्राची किंमत सुमारे ८०० डॉलर होती. कॅलिफोर्नियातील ‘एम्बॉडीड’ या त्याच्या कंपनीला नवे भांडवल मिळाले नाही. मॉक्सीचे संभाषण इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकांवरून चालत असल्याने कंपनी बंद पडताच त्याची वाणीही बंद पडणार होती. ही वार्ता मुलांना कशी सांगावी याचे पत्रही कंपनीने पालकांना पुरविले! पुढे काही जाणकारांच्या खटपटीने मॉक्सीला घरच्या संगणकावरून चालविण्याचा मार्ग निघाला. पण तो साऱ्यांना जमण्याजोगा नव्हता.

वाचकहो, येथे बिघडले काय? डोळे शाबूत होते, मान वळत होती. चेहरा टिकला होता, चेहऱ्यामागे मात्र कोणी उरले नव्हते.

माणसाशी नजरेने व हावभावांनी संवाद साधणारे यंत्रमस्तक घडविण्याचा आधुनिक प्रयत्न १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सिंथिया ब्रेझील यांनी केला. ‘किस्मेट’ असे त्याचे नाव. त्याला त्वचा नव्हती. मोठे डोळे, भुवया, कान व ओठ एवढ्यांच्या हालचालींतून ते हर्ष, विषाद, आश्चर्य दाखवीत असे. बोलणाऱ्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या स्वरातील माया किंवा रागावणे ते ओळखीत असे, आणि हे ठाऊक असूनही माणसे त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावे तसे बोलू लागत. किस्मेट आज संग्रहालयात आहे. ब्रेझीलबाईंनीच पुढे घराघरांसाठी ‘जिबो’ हे यंत्र आणले. २०१९ मध्ये त्याचीही संगणकसेवा थांबण्याची वेळ आली, आणि जिबोने आपल्या मालकांचा स्वतःच निरोप घेतला.

अभियंत्यांची अडचण मुळात आहे ती साधी. माणसाची त्वचा आपली झीज आपणच भरून काढते. सिलिकॉनची त्वचा तसे करीत नाही. हसताना जेथे वळी पडते तेथेच ती रोज ताणली जाते व अखेर फाटते. आतील इवल्या मोटारी झिजतात. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतील संशोधकांनी ‘फर्हाट’ या यंत्रमस्तकाच्या चेहऱ्यात हालणारे अवयवच टाळले: चेहऱ्याच्या आकाराचा अर्धपारदर्शक मुखवटा, त्यावर आतून प्रकाशाने उमटविलेला चेहरा, आणि वळणारी मान. चेहऱ्यात झिजण्यासारखे फारसे काही उरले नाही. उलट इंग्लंडमधील ‘एंजिनिअर्ड आर्ट्स’ने डिसेंबर २०२१ मध्ये दाखविलेल्या ‘अमेका’ला मोटारींनी हलणारा चेहरा दिला, पण त्याचा रंग मुद्दाम करडा ठेवला. यंत्र माणसाच्या फार जवळ गेले, पण पुरते पोहोचले नाही, की पाहणाऱ्याला शिसारी येते, हे जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच लिहून ठेवले होते. आपण यंत्र आहोत हे न लपविणारा चेहरा आम्हांला अधिक प्रामाणिक वाटतो.

धर्मस्थळेही या प्रवाहाबाहेर राहिलेली नाहीत. २०१७ मध्ये, धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षी, जर्मनीतील विटेनबर्ग येथे प्रोटेस्टंट बांधवांनी आशीर्वाद उच्चारणारे यंत्र ठेवले. यंत्राला आशीर्वाद देता येईल का, यावर लोकांनी बोलावे हाच त्यांचा हेतू होता. २०१९ मध्ये क्योटोच्या कोदाईजी या बौद्ध मंदिरात सिलिकॉनच्या चेहऱ्याचा ‘मिंदार’ प्रवचन करू लागला. धर्मगुरू वृद्ध होतात, यंत्र होत नाही, हा त्यामागील युक्तिवाद आम्हांला पटत नाही. प्रवचनकाराचे थकणे हाही त्याच्या प्रवचनाचाच भाग असतो. (आमच्या धर्मग्रामातील काही श्रोते याबाबत वेगळे मत देतील, हे आम्ही जाणतो.)

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ रोजी ‘अँटिक्वा एत नोवा’ हे टिपण प्रसिद्ध केले. यंत्राला माणसासारखे रूप व बोलणे देण्याने मुलांच्या वाढीवर काय परिणाम होईल, याची चिंता त्यात स्पष्ट आहे. नात्यांचा व्यवहार होऊ नये, असा तिचा रोख. २०२६ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप लिओ चौदावे यांनी माणसाचा आवाज व चेहरा जपण्याचाच विषय निवडला.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना आम्हांला एक गोष्ट नेहमी जाणवते. अंथरुणाला खिळलेली आजी आमचे शब्द अर्धेच ऐकते. ती पाहते आमच्या तोंडाकडे. आम्हांला घाई आहे का, हे तिला तत्क्षणी कळते. प्रभूने मागे वळून पेत्राकडे पाहिले, तेव्हा एकही शब्द उच्चारला गेला नव्हता, आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. उद्या त्या आजीच्या उशाशी परदेशातील मुलाने एखादे हसरे यंत्रमस्तक आणून ठेवले, तर त्यास दोष देण्याआधी आम्ही तिच्याकडे महिन्यातून किती वेळा जातो, हे आम्हांला मोजावे लागेल. औषधाच्या वेळा सांगणारे, पडल्यास शेजाऱ्याला कळविणारे यंत्र उपकारकच आहे. पण असे यंत्र विकताना त्याची सेवा किती वर्षे चालेल, आणि कंपनी बुडाल्यास त्याचे काय होईल, हे लेखी देण्याचे बंधन विक्रेत्यावर असलेच पाहिजे.

मुंबईत पवईच्या केंद्रीय विद्यालयातील शिक्षक दिनेश पटेल यांनी काही वर्षांपूर्वी पुठ्ठा, लाकूड, प्लास्टिक अशा टाकाऊ वस्तूंपासून ‘शालू’ ही यंत्रकन्या घडविली. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. ती मराठीही बोलते. परदेशी यंत्रमस्तकांपुढे तिचा चेहरा ओबडधोबड दिसेल. परंतु तिचा निर्माता त्याच शाळेत फळ्यापुढे उभा राहून शिकवीत होता, आणि ती अडखळली तर कोणाला हाक मारायची हे वर्गातल्या मुलांना ठाऊक होते.