वीटभट्टीवर गेलेल्यांची ग्रामसभा

रायगड जिल्ह्यातल्या खालापूर-कर्जतच्या विकासाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. आधी कारखाने येऊ द्या, जमिनीला भाव मिळू द्या. हातात पैसा आला की माणूस पोटभर जेवेल, चांगल्या डॉक्टरकडे जाईल, आरोग्य आपोआप सुधारेल. ते ग्रामपंचायतीच्या राजकारणात ओढू नका, जाणकारांवर सोडा. असे म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पैशावाचून औषध मिळत नाही, आणि कारखान्यातल्या नोकरीने इथली कितीतरी घरे उभी राहिली, हे मलाही मान्य आहे. मान्य नाही तो त्यातला ‘आपोआप’ हा शब्द.

विकास इथे काल-परवा आलेला नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटावरून उतरणाऱ्या पाण्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे रसायनी-पाताळगंगेचे कारखाने आले, द्रुतगती मार्ग आला, मोरबे धरण झाले. धरण खालापुरात, पाणी नवी मुंबईला. शंभर वर्षांहून अधिक काळ विकास या तालुक्यातून वाहतो आहे. तो इथे किती मुरला, हे पाहायचे असेल तर इर्शाळवाडीची पायवाट आठवावी.

खालापुरातल्या इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकर आदिवासींची वाडी. १९ जुलै २०२३च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. शोध थांबला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. वाडीला रस्ता नव्हता, म्हणून बचाव पथके भर पावसात डोंगर चढून गेली. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत तिचे नावही नव्हते. साऱ्या राज्याने ती चढण त्या रात्री पाहिली. वाडीतल्या गरोदर बाया आणि तापाने फणफणलेली पोरे तीच वाट वर्षानुवर्षे उतरत होती. यादी जाणकारांनीच केली होती. मग ‘जाणकारांवर सोडा’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, वाडीचे म्हणणे ऐकायची जागा त्या व्यवस्थेत कुठे होती?

‘आपोआप’चा दाखला म्हणून इंग्लंडकडे बोट दाखवले जाते. केंब्रिजचे इतिहासकार सायमन श्रेटर यांनी तोच दाखला तपासला. त्यांच्या आणि ग्रॅहम मूनी यांच्या मांडणीनुसार, तिथल्या मोठ्या औद्योगिक शहरांतले सरासरी आयुर्मान १८२०च्या दशकात सुमारे ३५ वर्षे होते. भरभराट चालू असतानाच पुढच्या दशकात ते ३०च्या खाली घसरले. संपत्ती वाढत होती आणि माणसे लवकर मरत होती. नगरपालिका करदात्या छोट्या मालकांच्या हातात होत्या, आणि गटारांवर खर्च करायला त्यांचा विरोध होता. १८६७ आणि १८६९च्या कायद्यांनी शहरी कामगारांना मोठ्या संख्येने मत मिळाले, तेव्हा पारडे फिरले. जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ बर्मिंगहॅमचे महापौर होते. त्यांच्या काळात पालिकेने पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला. उद्योगाने पैसा दिला. तो नळापर्यंत नेला मताने.

‘पण आपल्या ग्रामपंचायती चार घरांच्या हातात असतात,’ असा आक्षेप उरतो. असतात. पण त्यावरचा उपाय सभा गुंडाळणे हा नव्हे. जे बाहेर राहिले त्यांना आत आणणे, हा आहे. कोण बाहेर आहे, ते कॅलेंडरच सांगते. ग्रामसभेचे रूढ दिवस चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. इथली कितीतरी कातकरी आदिवासी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जगायला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारांतल्या दोन सभा त्यांच्या गैरहजेरीतच होतात. पाण्याची सर्वांत मोठी ओरड असते त्या मे महिन्यातली सभा त्यांतलीच एक. उरलेल्या दोन सभाही बहुधा मुख्य गावात भरतात आणि वाडी डोंगरावर असते.

शेजारच्या ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा लागू आहे आणि पाड्याला आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. रायगडमध्ये अनुसूचित क्षेत्रच नाही. माणसे तीच, ठाकर आणि कातकरी. जिल्ह्याची हद्द ओलांडली की हक्क संपतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. पेसाची वाट न पाहता प्रत्येक वाडीची सभा वाडीतच भरावी. ती दोनदा तरी व्हावी: भट्टीवरून माणसे परतल्यावर आणि निघण्याआधी. तिथे आरोग्यसेविका, अंगणवाडीसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांनी हजर राहून वाडीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत: किती मुलांची वजने घटली, भट्टीवर गेलेल्या मुलांचे लसीकरण कुठे झाले, विहीर कधी आटली, दरडीची भीती कुठे आहे. ही कल्पना हवेतली नाही. २००७पासून ठाणे आणि पुण्यासह पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि जनसुनवाईत गावकऱ्यांनी आरोग्य यंत्रणेला समोरासमोर जाब विचारला.

कारखाने येवोत, रस्ते होवोत. पण वाडीच्या वाटेचा निर्णय ती वाट रोज चढणाऱ्यांना विचारल्याशिवाय होऊ नये. आणि त्यांना विचारायचे, तर ते घरी असताना विचारायला हवे.