पंपावरचा दर आणि आपण

पेट्रोल महागले की आपण आखाती देशांकडे बोट दाखवतो. भारत ८० टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो, तेव्हा ते अगदीच चूक नाही. परंतु मे २०२० आठवा. टाळेबंदीमुळे जगभर तेलाचे भाव कोसळले होते; तरी केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे १० आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवला, आणि स्वस्ताई पंपापर्यंत पोहोचलीच नाही. राज्याचा कर निराळाच. डिझेलवरील हा बोजा लासलगावच्या कांद्याच्या वाहतूकखर्चात शिरतो व दुचाकी नसलेल्या मजुरालाही वाहावा लागतो. म्हणून ‘वाहने कमी वापरा’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. दिवसातून एकदाच एसटी येणाऱ्या गावाने ती वापरायची कशी? इंधनकराचा ठरावीक वाटा एसटीच्या फेऱ्यांसाठी राखावा, असा ठराव आपल्या ग्रामसभेत आपणच मांडू शकता.