मोर्चा अडविला, पण घरांचे काय?

लंडनच्या ईस्ट एंडमधील केबल स्ट्रीटचे नाव फॅसिझमविरोधी लढ्याच्या इतिहासात अभिमानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ओस्वाल्ड मोस्ले यांच्या काळ्या सदऱ्यातील अनुयायांचा मोर्चा ज्यू वस्तीतून जावयाचा होता. ज्यू कारागीर, आयरिश गोदी कामगार व कम्युनिस्ट कार्यकर्ते यांनी रस्ते रोखून धरले आणि मोर्चा माघारी फिरवावा लागला. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटला, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. पाचच महिन्यांनी, मार्च १९३७ मध्ये, लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुकीत मोस्ले यांच्या पक्षाने शेजारच्या बेथनल ग्रीनमध्ये सुमारे २३ टक्के मते मिळविली.

असे का व्हावे? जेथे घरे अपुरी, भाडी जबर आणि रोजगार अनिश्चित, तेथे टंचाईचे खापर परक्याच्या माथी फोडणे सोपे असते. घरमालक दृष्टीआड असतो. निराळ्या भाषेचा व धर्माचा शेजारी मात्र रोज दिसतो. फिल पिराटिन या ज्यू कम्युनिस्ट कार्यकर्त्याने हे मर्म ओळखले. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी स्टेप्नीतील भाडेकरू संघटित केले. घराबाहेर काढली जाणारी काही कुटुंबे फॅसिस्ट पक्षाची सभासद होती. त्यांच्याही पाठीशी ही संघटना उभी राहिली. १९३९ च्या भाडेसंपात ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबे खांद्याला खांदा लावून लढली. १९४५ साली पिराटिन त्याच भागातून पार्लमेंटवर निवडून गेला.

पुढे या गल्ल्यांत बंगाली कामगार वसले. ब्रिक लेनवरील १७४३ साली बांधलेले फ्रेंच निर्वासितांचे प्रार्थनामंदिर कालांतराने ज्यूंचे सिनेगॉग झाले आणि १९७६ मध्ये मशीद. वस्ती बदलली, टंचाई मात्र तीच राहिली. ४ मे १९७८ रोजी आल्ताब अली या तरुण शिवणकामगाराची वर्णद्वेषातून हत्या झाली. दहा दिवसांनी सुमारे ७,००० लोक शवपेटीसह डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले. तत्पूर्वीच बंगाली कुटुंबांनी रिकाम्या घरांचा ताबा घेऊन निवाऱ्याचा हक्क मांडला होता. स्वसंरक्षण आणि घर हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी वेगळे नव्हतेच.

सप्टेंबर १९९३ मध्ये याच परिसरातील मिलवॉल प्रभागात घरवाटपाचा असंतोष चेतवून ब्रिटिश नॅशनल पार्टीचा उमेदवार अवघ्या ७ मतांनी निवडून आला. मे १९९४ मध्ये मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि त्याचा पराभव झाला.

तात्पर्य, द्वेषाचा मोर्चा रस्त्यावर अडविलाच पाहिजे. तेथे कच खाणे म्हणजे दुर्बलांना वाऱ्यावर सोडणे होय. परंतु मोर्चात सामील होणाऱ्याच्या गळक्या छपराची विचारपूस कोणी केली नाही, तर तो मोर्चा नव्या झेंड्याखाली पुन्हा निघतो.