‘मोठेपणी मी सिस्टर होणार’ : आपण मुलांना काय सांगतो?



‘मी मोठेपणी कोण होणार?’ हा निबंध आपण सगळेच दरवर्षी लिहून घेतो. वह्या तपासायला बसलं की उत्तरं आधीच पाठ असतात. डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, शिक्षक आणि हल्ली यूट्यूबर. तीन वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘मी मोठेपणी सिस्टर होणार.’ अक्षर वळणदार, गणितात वर्गात पहिली. वही परत देताना मी सगळ्यांसमोर, अगदी कौतुकाने म्हणालो, “अगं, तू एवढी हुशार, सिस्टर कशाला? डॉक्टर हो की!” वर्ग हसला, तीही हसली.

दुसऱ्या दिवशी वही आली तेव्हा ‘सिस्टर’ शब्द खोडून तिथे ‘डॉक्टर’ लिहिलेलं होतं. बाकी निबंध तसाच होता. ‘मी रात्रपाळी करीन. पेशंटला वेळेवर औषध देईन.’ मी खाली ‘छान’ असा शेरा दिला आणि सही केली. तिची आई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, हे मला नंतर पालकसभेत कळलं. तेव्हाही मी काही बोललो नाही.

आज हा लेख त्या शेऱ्याबद्दल आहे.

काचेपलीकडे पाहिलेले नऊ दिवस

त्यानंतर दीड वर्षाने माझे वडील न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला आयसीयू म्हणतो तिथे, नऊ दिवस होते. त्यातले पाच दिवस व्हेंटिलेटरवर. नातेवाइकांना सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. उरलेला वेळ काचेतून बघायचं.

डॉक्टर राउंडला यायचे, तपासायचे, औषधं बदलायचे, पुढच्या खाटेकडे जायचे. ते त्यांचं काम आणि ते त्यांनी उत्तम केलं. पण चोवीस तास खाटेजवळ असायची ती सिस्टर. पहिल्याच दिवशी तिला वडिलांशी बोलताना ऐकलं, “आबा, आता कूस बदलतेय हं, घाबरू नका.” वडील औषधाने पूर्ण गुंगीत होते. मी विचारलं, “त्यांना ऐकू येतं का?” ती म्हणाली, “सांगता येत नाही. म्हणूनच सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, असं आम्हाला शिकवलंय.”

चौथ्या रात्री तीनच्या सुमारास तिने डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं. कोणत्याही यंत्राचा अलार्म वाजला नव्हता. झालं होतं एवढंच की लघवीच्या पिशवीतला दर तासाचा आकडा ३५ मिलिलिटरवरून २२ वर आणि मग १५ वर आला होता. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. माझ्या वडिलांचं वजन साठ किलो, म्हणजे तीस मिलिलिटर. मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागल्याची ती खूण होती. सकाळी डॉक्टर मला म्हणाले, “सिस्टरने वेळेत सांगितलं, नाहीतर उशीर झाला असता.”

साठचे निम्मे तीस. हे गणित आपण दुसरी-तिसरीत शिकवतो.

हे फक्त ‘सेवा’ नाही, ज्ञान आहे

परिचारिका म्हटलं की आपण लगेच ‘सेवा’, ‘त्याग’, ‘माया’ असे शब्द वापरतो. १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, म्हणजे जागतिक परिचारिका दिनी, परिपाठात आपण हेच सांगतो. माया हवीच. पण आयसीयूत नुसत्या मायेवर माणूस वाचत नाही.

तिथली सिस्टर काय करते बघा. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, तापमान, आत गेलेलं पाणी, बाहेर आलेलं पाणी या सगळ्याची दर तासाला नोंद. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंशांवर उचललेलं ठेवायचं, म्हणजे पोटातलं किंवा तोंडातलं फुप्फुसात उतरण्याचा धोका कमी होतो. श्वासनलिकेतल्या नळीतून कफ ओढून घ्यायचा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे. आपण १५ ऑक्टोबरला हात धुवा दिन साजरा करतो. ती तो प्रत्येक पाळीत कितीतरी वेळा पाळते.

रुग्ण किती शुद्धीवर आहे, हेही ती अंदाजाने सांगत नाही. १९७४ मध्ये ग्लासगो शहरातल्या दोन डॉक्टरांनी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हात-पाय हलवतो कसा, या तीन गोष्टींना गुण द्यायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. सकाळी १३ असलेले गुण दुपारी ११ झाले, तर ती धोक्याची सूचना. आपल्या भाषेत सांगायचं तर हे सातत्यपूर्ण मूल्यमापनच की!

आता एक उदाहरण सोडवून बघूया. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअॅड्रिनॅलीन नावाचं औषध पंपातून देतात. समजा, ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम औषध मिसळलं आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या रुग्णाला दर किलोला दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं आहे. मिनिटाला ६, तासाला ३६०. भागिले ८०. उत्तर ४.५. पंपावर तासाला ४.५ मिलिलिटर लावायचे. इथे दशांशचिन्ह चुकून ४५ झाले तर औषध दहापट जाईल.

म्हणूनच औषध लिहिताना अर्धा ‘.५’ असा लिहायचा नाही, ‘०.५’ असाच लिहायचा, आणि पाच मात्र ‘५.०’ असे लिहायचे नाहीत, असा नियम आहे. टिंब पुसट असलं तर वाचणारा फसू नये म्हणून. इन्सुलिन, पोटॅशियम यांसारखी जोखमीची औषधं देण्याआधी दुसऱ्या परिचारिकेकडून पडताळून घ्यायची पद्धतही त्यासाठीच. पाचवीला दशांश शिकवताना ‘शून्य लिहिलं काय, नाही लिहिलं काय, सारखंच’ असं मी वर्गात म्हणायचो. आता म्हणत नाही.

आयसीयू म्हणजे यंत्रं, असं आपल्याला वाटतं. त्याची सुरुवात कशी झाली हे वाचलं तेव्हा माझा हा समज गेला. १९५२ मध्ये डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वास घेता न येणारी मुलं शेकड्यांनी, आणि श्वास देणारी यंत्रं अगदी मोजकी. ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांनी गळ्यातून नळी घालून रबरी पिशवीने हवा देण्याचा मार्ग काढला. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटेशेजारी बसले आणि हातांनी पिशव्या दाबत राहिले, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. परिचारिका सोबत होत्याच. आजचा अतिदक्षता विभाग त्यातून उभा राहिला. म्हणजे आधी खाटेशेजारी बसलेला माणूस होता, यंत्रं नंतर आली.

‘फक्त डिप्लोमा?’

आता शिक्षणाकडे येऊ, कारण पालक हेच विचारतात. बारावीनंतर जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. आयसीयूचं काम नीट शिकायचं तर पुढे क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि पदवीवाल्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. मुलांनाही हे क्षेत्र खुलं आहे. रुग्णालयात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात.

आणि खरं शिक्षण तर पुढेच सुरू होतं. नवीन आलेली सिस्टर अनुभवी सिस्टरच्या हाताखाली राहते. पाळी बदलताना खाटेशेजारी उभं राहून ‘ओव्हर’ देतात. कोणतं औषध चालू आहे, नळी कितव्या दिवसाची, रात्री काय झालं, सगळं. ते ऐकताना मला आपलं टाचण आठवलं. फरक एवढाच, की टाचणातला एखादा मुद्दा राहिला तर आपण उद्या घेतो.

मी डी.एड. झालेला शिक्षक आहे. ‘फक्त डी.एड.? पुढे काही केलं नाही?’ हे मी लग्नाच्या बैठकीत ऐकलं आहे. ‘लहान मुलांना शिकवायचं, त्यात काय एवढं?’ हेही. पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणं काय असतं, ते आपल्यालाच माहीत. आपल्या कामाला ‘सोपं’ म्हटलं की आपल्याला राग येतो. मग तोच शिक्का आपण सिस्टरच्या कामावर कसा मारतो? मी मारला, तोही एका सिस्टरच्या मुलीसमोर.

तिच्या आईचं उत्तर

वडील बरे होऊन घरी आल्यावर मी त्या मुलीच्या आईला भेटलो आणि झालं ते सांगून माफी मागितली. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, “सर, खरं सांगू? घरी मीपण तिला हेच सांगते. रात्रपाळ्या तुम्ही केल्या नाहीत. एकटीने किती पेशंट बघायचे, त्याला हिशेब नाही.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, हा मान्य निकष आहे. प्रत्यक्षात काय असतं ते काचेतून मी पाहिलं आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. शिफारस करावी लागते, यातच सगळं आलं. शिक्षणसेवक म्हणून मानधनावर वर्षं काढलेल्या आपल्याला ते समजावून सांगायला नको. शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हणतो आणि तेवढे शिक्षक नसले की आपण आवाज उठवतो. नर्सच्या संख्येबद्दल मात्र नातेवाईक म्हणून आपण कधी विचारतो का? आपण भांडतो तेही बहुतेक वेळा त्या एकट्या सिस्टरशीच.

त्यामुळे ‘आदर करा’ एवढं सांगून भागणार नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून हुशार मुलीला त्या वाटेवरून परत फिरवायचं, हेही मला पटत नाही. खाटेशेजारी हुशार माणूस नको, असं आपल्यापैकी कोण म्हणेल? आपला माणूस आत असताना?

आपण काय करू शकतो?

फार मोठं काही नाही. ‘आपले मदतनीस’ शिकवताना डॉक्टर आणि त्यांची ‘मदतनीस’ परिचारिका असं न सांगता, दोघांची कामं वेगवेगळी सांगूया. गावातल्या सिस्टरला किंवा ब्रदरला वर्गात बोलावूया आणि त्यांना मायेबद्दल नाही, तर कामाबद्दल विचारूया. दशांश, कोन, मिलिलिटर शिकवताना आयसीयूचं एखादं उदाहरण देऊया. पालकहो, ‘मार्क कमी पडले तर नर्सिंग आहेच’ हे वाक्य मुलांसमोर बोलू नका. मुलाने सिस्टर किंवा ब्रदर व्हायचं म्हटलं, तर आधी ‘का?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मी तेच केलं नव्हतं.

ती मुलगी आता सातवीत, दुसऱ्या शाळेत आहे. तिला अजून भेटलेलो नाही. भेटल्यावर तिने काय व्हावं हे मी सांगणार नाही. तो तिचा आणि तिच्या आईचा प्रश्न आहे. पण तिने खोडलेला शब्द बरोबर होता, एवढं मात्र मला तिला सांगायचं आहे.

तुमच्या वर्गात असं कधी घडलं आहे का? तुम्ही काय म्हणालात? जरूर कळवा.