शुद्धतेसाठी माद्रिद कशाला?

स्पॅनिश शिकायला परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला आपल्याकडे बहुधा एकच सल्ला मिळतो: ‘जायचं तर स्पेनलाच जा. भाषा तिथली, शुद्ध उच्चार तिथले, परीक्षाही तिथल्याच संस्थेची. लॅटिन अमेरिकेत शिकलास तर गावठी बोलशील.’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. कर्ज काढून किंवा पै-पै साठवून निघालेल्या मुलामुलींचे त्यात नुकसान होते, म्हणून त्याचा मुद्देसूद प्रतिवाद व्हायला हवा.

आधी शुद्धतेचे पाहू. नेब्रिहाचे स्पॅनिश व्याकरण 1492 चे आणि माद्रिदची शाही अकादमी 1713 ची, हे खरेच. पण एकोणिसाव्या शतकात या भाषेचे एक थोर व्याकरण लिहिले ते व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेल्यो यांनी, आणि ते 1847 मध्ये चिलीत प्रसिद्ध झाले. पुढे 1951 मध्ये स्पॅनिश अकादम्यांचा संघ स्थापन झाला तो मेक्सिकोत. आज त्यात 23 अकादम्या आहेत आणि 2009 चे प्रमाण व्याकरण संघातल्या अकादम्यांनी मिळून सिद्ध केले. नियम ठरवताना माद्रिद ज्यांना शेजारी बसवते, त्यांना गावठी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उच्चारांचेही तसेच. स्पेनच्या मोठ्या भागात ‘धन्यवाद’ला ‘ग्राथियास’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘ग्रासियास’. पहिला उच्चार अस्सल आणि दुसरा बिघडलेला, असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की खुद्द स्पेनच्या कॅनरी बेटांवर आणि अंदालुसियाच्या बऱ्याच भागात ‘ग्रासियास’च ऐकू येते. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक सुमारे 50 कोटी आहेत आणि स्पेनची सगळी लोकसंख्या 5 कोटींच्या आत. वऱ्हाडात राहून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाला ‘तुला मराठी येत नाही’ असे आपण सांगू का?

राहिला परीक्षेचा आक्षेप. ‘डेले’ ही परीक्षा स्पेनचे सेर्व्हान्तेस इन्स्टिट्यूट घेते. पण तिच्यात लॅटिन अमेरिकी बोलणेही ऐकवले जाते आणि उमेदवाराने कुठल्याही देशाचे प्रमाण स्पॅनिश वापरले तरी चालते. 2016 पासूनची ‘सिएले’ परीक्षा तर सेर्व्हान्तेसने सालामांका, मेक्सिको आणि ब्वेनोस आयरेस इथल्या विद्यापीठांच्या साथीने उभी केली आहे.

मग निवड कशावर करावी? माझे उत्तर असे: तुम्हाला स्वतःला बोलायला किती वेळ मिळणार, यावर. बाकीचे निकष त्यानंतर.

हिशेब साधा आहे. दहा जणांच्या वर्गात आठवड्याला 20 तास शिकवणी असेल आणि निम्मा वेळ शिक्षक बोलत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला तासभर येतो. ग्वाटेमालातल्या अँटिग्वा आणि केत्सालतेनांगो या शहरांत एका विद्यार्थ्याला एक शिक्षक ही रूढ पद्धत आहे. रोज चार-पाच तास समोरासमोर बसायचे. त्याच 20 तासांत निम्मा वेळ शिक्षकांचा धरला, तरी तुमच्या वाट्याला 10 तास उरतात. चूक झाली की तिथेच दुरुस्त होते, आणि कोपऱ्यात गप्प बसण्याची सोय नसते. जोडीला स्थानिक कुटुंबात राहणे आणि त्यांच्याच पंगतीला जेवणे. असे वर्ग आणि राहणे मिळून येणारा खर्च माद्रिद-बार्सिलोनाच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून तेवढ्याच पैशांत जास्त आठवडे राहता येते. नवशिक्याला याहून मोठा लाभ नाही.

या वाटेवर अडचणीही आहेत. भारतातून ग्वाटेमालाचा प्रवास लांबचा आणि महागडा. अमेरिकेतून विमान बदलायचे तर तिथला व्हिसा लागतो. तेव्हा दोन आठवड्यांसाठी तिकडे जाणे परवडत नाही, दोन-तीन महिने हाताशी हवेत. अँटिग्वात परदेशी पाहुणे इतके, की वर्गाबाहेर इंग्रजीचा मोह सुटत नाही. त्या दृष्टीने केत्सालतेनांगो बरे. सुरक्षिततेची काळजीही रास्त आहे. शहर आणि वस्ती विचारपूर्वक निवडावी, रात्रीचा प्रवास टाळावा.

आणि स्पेन? ज्याला तिथल्या विद्यापीठात शिकायचे आहे, युरोपात नोकरी करायची आहे, सेर्व्हान्तेस किंवा लोर्का या लेखकांचा अभ्यास करायचा आहे, त्याने जरूर स्पेनला जावे. बार्सिलोनात मात्र कॅटलानही कानी पडेल, हे आधीच जाणून असावे. तसेच ज्याचे काम मेक्सिकोतल्या ग्राहकांशी आहे, त्याने मेक्सिको निवडावे. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्याची परंपरा 1921 पासूनची आहे. म्हणजे माझा विरोध स्पेनला नाही. गरज न विचारता सर्वांना एकाच दिशेला पाठवण्याला आहे.

म्हणून शाळेला पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतील? ज्या घरी राहायचे तिथे आणखी किती परदेशी विद्यार्थी आहेत? माझी पातळी ठरवून अभ्यासक्रम आखणार, की आधीच चालू असलेल्या वर्गात बसवणार? जी शाळा याची सरळ उत्तरे देईल आणि बोलायला भरपूर वेळ देईल, ती निवडा, मग ती सालामांकात असो वा ग्वाटेमालाच्या डोंगरांत. शुद्ध भाषा म्हणून जे काही असते, ते रोज तासन्‌तास बोलणाऱ्यालाच साधते.